मागच्या सीटवरचं वजन

गेल्या वर्षी माघातली जत्रा उरकून आम्ही श्रीवर्धनकडून परत आलो, बोरिवलीच्या आमच्या सोसायटीच्या गेटात मोटरसायकल थांबली, आणि माझी बायको मागच्या सीटवरून उतरली नाही. रुसली होती असं नव्हे. तिला उतरता येईना. एक पाय हवेत अर्ध्यावर अडकलेला, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा कमरेवर, अशा अवस्थेत ती थिजली होती. आमच्या वॉचमनने प्रसंग ओळखला. त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची आणून गाडीशेजारी ठेवली, आणि एखादी राणी हत्तीवरून उतरावी तशी माझी बायको त्या खुर्चीवर पाय ठेवून सावकाश जमिनीवर आली. हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी मी एस्टीने जाणार. तू ये तुझ्या गाडीवरून. मागे नारळ बसव."

चिडून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. चिडलेल्या बायकोला कसं हाताळायचं याचा मला दांडगा अनुभव आहे. त्याच्या निम्मा अनुभव जरी मला ऑफिसात असता तर आज मी साहेब असतो. पण ती शांत होती. म्हणजे ठराव मांडून, चर्चा होऊन, मंजूरसुद्धा झाला होता आणि मला फक्त कळवण्यात येत होतं.

तिचं माहेर श्रीवर्धनच्या अलीकडे, सुपारीच्या वाड्यांत लपलेल्या एका गावात. लग्नानंतरच्या पहिल्या माघापासून आम्ही तिथल्या जत्रेला मोटरसायकलवरून जातो. तेव्हा ऐपतच तेवढी होती. पुढे ऐपत आली तरी सवय गेली नाही. ओळखीतले लोक म्हणतात, या वयात कशाला, चारचाकी घ्या. मी त्यांच्यापुढे मोकळी हवा, डोंगर, स्वातंत्र्य वगैरे विषयांवर भाषण ठोकतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकांत मी लागोपाठ राजाच झालो आहे, त्यामुळे भाषणाला मी कधी कमी पडत नाही.

खरं कारण वेगळं आहे. वर्षभर घरात मी बोलतो आणि ती ऐकते. ती शाळेत शिकवते, दिवसभर तिथे बोलून घरी येते, तोवर मी ऑफिसातल्या घटनांचे नाट्यप्रयोग तयार ठेवलेले असतात. तिच्या वाट्याला गॅस लागला का, पाणी आलं का आणि चाव्या कुठे ठेवल्यास एवढीच वाक्यं उरतात. पण पनवेल मागे पडलं की उलटं होतं. ती हनुवटी माझ्या खांद्यापाशी आणते, दोघांची हेल्मेटं एकमेकांवर टकटकतात, आणि ती बोलायला लागते. स्टाफरूममधली भांडणं, लहानपणी विहिरीत पडलेली कळशी, माझ्या नातेवाइकांबद्दलची तिची परखड मतं. वाऱ्यामुळे मी उत्तर दिलं तरी तिला ऐकू जात नाही. म्हणूनच ती सगळं सांगते. वर्षातून तेवढ्या एका रस्त्यावर मी श्रोता असतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते फार आवडतं.

नारळ बोलत नाहीत. त्यामुळे काहीही करून मागच्या सीटवर बायकोच परत बसायला हवी होती.

आता इथे कोणत्याही शहाण्या नवऱ्याने विचारलं असतं, काय गं, नेमकं काय दुखतंय? मी खाली जाऊन गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि शॉकअपकडे रोखून पाहिलं. गुन्हेगार सापडला होता.

ज्यांनी गाडीच्या त्या भागाकडे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन नळकांडी असतात, भोवती जाड स्प्रिंग. रस्ता चाकाला जो दणका मारतो तो गिळणं हे त्यांचं काम. माझे शॉकअप एका माणसाला ऑफिसात नेण्यापुरते होते. त्यावर दोन माणसं आणि सामान लादलं की स्प्रिंग उभ्याउभ्याच अर्धीअधिक दबून जायची. मग खड्डा आला की दबायला जागाच शिल्लक नाही, आणि उरलेला दणका थेट मागच्या माणसाच्या मणक्यात. हे ज्ञान मला फोनवरच्या व्हिडिओंतून झालं. दाढीवाले तरुण हिमालयात उभे राहून शॉकअपवर बोलतात, आणि मी ते बोरिवलीत पोळी खाताना ऐकत असे. थोड्याच दिवसांत मी एवढा तज्ज्ञ झालो, की अंधेरीच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरचे लोक एकेक करून दुसरीकडे बसू लागले.

मुलुंडला एक गॅरेजवाला आहे. जाड स्प्रिंगचे नवे शॉकअप तो बसवून देतो असं कळलं, म्हणून एका शनिवारी लिंक रोडने धूर खात तिकडे गेलो. वयाने माझ्याएवढाच असेल, पण केसांची पोनी, कानात बाळी, आणि गाडीला तो पेशंट म्हणत होता. त्याने माझ्या पेशंटची सीट दोन्ही हातांनी दाबली, सोडली, पुन्हा दाबली, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, हे शॉकअप नाहीयेत. हे गेलेल्या शॉकअपचे फोटो आहेत."

मला काका आणि माझ्या बायकोला वहिनी म्हणणारा हा माणूस मला पहिल्या वाक्यापासून आवडला नव्हता, पण वाक्य चांगलं होतं. नटाने नटाला दाद द्यावी, म्हणून मी हसलो. त्यावर त्याने खिशातून पेन काढलं आणि विचारलं, चालवणाऱ्याचं वजन किती, मागच्याचं किती, सामान किती. त्यावरून स्प्रिंग निवडायची आणि तिच्या खालची गोल रिंग फिरवून ती किती आवळायची ते ठरवायचं.

माझं वजन मी ताबडतोब सांगितलं. अठ्ठ्याहत्तर. हा आकडा खोटा नव्हता, फक्त जुना होता. बायकोच्या वजनापाशी मात्र मी अडलो. ते मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता; संसार इतकी वर्षं टिकण्याचं तेही एक कारण असावं. मी आजूबाजूला पाहिलं. ती त्या वेळी बोरिवलीत वह्या तपासत होती, तरी मी आवाज खाली आणून म्हणालो, "धरा पंचावन्न." गॅरेजवाल्यानेही आवाज खाली आणून विचारलं, "नक्की?" मुलुंडच्या भर रस्त्यावर आम्ही दोन प्रौढ पुरुष कुजबुजत होतो. सामान म्हणून मी दोन लहान बॅगा सांगितल्या. माहेराहून निघताना बॅगांची काय अवस्था होते, ते मी सोयीस्करपणे विसरलो.

त्याने माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि काही न बोलता आकडे लिहून घेतले. ती नजर मी तेव्हा ओळखायला हवी होती.

नवे शॉकअप बसले. दिसायला झकास, पिवळ्या स्प्रिंगा, पंगतीत केळीच्या पानाशेजारी शोभतील अशा. परत येताना पवईच्या सिग्नलला मला मनाची टोचणी लागली. पंचावन्न म्हणजे जरा अतिच झालं. कॉलेजातसुद्धा ती तेवढी असेल की नाही शंका. आणि माझे अठ्ठ्याहत्तर, तेही जुन्या फोटोतले. बिचाऱ्या गॅरेजवाल्याला आपण फसवलं. तेव्हा घरी आल्यावर मी त्याने सोबत दिलेला चंद्रकोरीच्या आकाराचा पाना काढला आणि स्प्रिंगखालची रिंग अंदाजाने आणखी घट्ट फिरवून ठेवली. खोटं दुरुस्त केल्याचं समाधान घेऊन मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवसापासून गोंधळ सुरू झाला. नवे शॉकअप मूळच्यापेक्षा बोटभर लांब होते, त्यात घट्ट केलेले, त्यामुळे गाडीचा मागचा भाग वर आला. सिग्नलला माझे दोन्ही पाय टेकत असत, ते आता चवड्यांवर आले. मी आयुष्यात कधी नृत्य शिकलो नाही, पण दहिसर नाक्याला मला पाहून कोणालाही तसा संशय आला असता. साइड स्टँडही तोकडा पडला. स्टँडवर लावली की गाडी इतकी कलायची, की खाली काहीतरी ठेवावंच लागे. मी घरातला एक जेवायचा पाट खाली नेला आणि स्टँडखाली सरकवला.

बायकोने बाल्कनीतून पाहिलं. "पाटावर बसवलीस ना तिला," ती म्हणाली, "आता ओवाळ पण."

तिने बसून बघावं म्हणून मी तिला आग्रह केला. आधी तू फिरून ये, मग बघू, एवढंच तिचं उत्तर. मग मी तिच्या वजनाचा बदली कलाकार शोधला. तिच्याच माहेराहून आलेला तांदूळ घरात पोत्यांत होता. त्यातली दोन पोती मी वॉचमनच्या मदतीने मागच्या सीटवर एकावर एक बांधली. घर सोडताय का, असं त्याने काळजीने विचारलं. बायकोचं हेल्मेट हातात उरलं होतं, ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते मी वरच्या पोत्यावर बसवलं आणि पट्टा आवळला.

अशा थाटात मी मालाड, मार्वे करत मढपर्यंत जाऊन आलो. मार्व्याच्या वळणावर हवालदाराने मला जाऊ दिलं, मग चमकून पुन्हा पाहिलं, आणि मग पुन्हा जाऊ दिलं. मढला एका बंगल्याबाहेर शूटिंगवाले चहा पीत उभे होते, त्यांच्यातल्या एकाने आपुलकीने विचारलं, कुठल्या युनिटचा. रस्त्यावरचे सगळे स्पीडब्रेकर मी छाती काढून पार केले. घरी आलो ते विजयी वीरासारखा. बूट न काढता दारातच घोषणा केली, की एवढे खड्डे झाले, तांदूळ एका शब्दाने कुरकुरला नाही.

बायको मटार सोलत होती. "तांदळाला कंबर नसते," ती म्हणाली, मान वर न करता.

यावर उत्तर मुलीने दिलं. आमची मुलगी नोकरी करते, माझ्यापेक्षा उंच आहे आणि मोटरसायकल उत्तम चालवते. उत्तम म्हणजे, मीच शिकवली आहे आणि याच गाडीवर शिकवली आहे, हे मी पाहुण्यांना न विचारता सांगत असतो. ती सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. "बाबा, तू मागे बस ना एकदा," ती म्हणाली. "मी चालवते. आईच्या जागेवर तू."

कल्पना मला आवडली. शास्त्रीय होती. शिवाय मागे बसून चालवणाऱ्याला सूचना देणं हे माझ्या स्वभावाला धरूनच होतं. रविवारी सकाळी बायकोने स्वतः खाली येऊन दोन बॅगा बांधल्या, अगदी गेल्या वर्षीसारख्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि तिसरी पिशवी मागच्या बसणाऱ्याच्या मांडीवर. ही तिसरी पिशवी इतकी वर्षं तिच्या मांडीवर असे, हे मला तेव्हा कळलं. पाठ करून बसलेल्या माणसाला ते कसं दिसणार?

हायवेच्या सर्व्हिस रोडने आम्ही दहिसरच्या दिशेने निघालो. पहिला शोध असा लागला, की मागच्या सीटवरून रस्ता दिसत नाही. मला मुलीचं हेल्मेट दिसत होतं, डावीकडे दुकानांच्या पाट्या, उजवीकडे गटाराचं काम. पुढे काय येतंय ते गुपित होतं. दुसरा शोध लगेच पाठोपाठ लागला. मुलीची पाठ जराशी उचलली गेली, जेमतेम तळहाताएवढी, आणि मी विचार करतोय की ही उठली कशाला, तोवर स्पीडब्रेकर आला. तो तिला लागलाच नाही. सगळाच्या सगळा मला मिळाला. मी सीट सोडून वर गेलो, पिशवी माझ्याही वर गेली, आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी खाली आलो.

शॉकअपही आपलं काम करत होते, म्हणजे काहीच करत नव्हते. माझ्या दुरुस्तीनंतर ते इतके ताठ झाले होते, की दणका गिळायच्याऐवजी जसाच्या तसा परत करत होते. प्रत्येक खड्ड्याला मुलगी हलकेच उठे आणि मी वरच्या मजल्यावर जाऊन येई. मध्ये एका रिक्षाने कट मारला, तिने अचानक ब्रेक लावला, तिलाच फक्त माहीत होतं की ती ब्रेक लावणार आहे, आणि माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर घंटेसारखं वाजलं. मग तिने मान अर्धी वळवून मला काहीतरी विनोदी सांगायला सुरुवात केली. मी ओरडलो, पुढे बघ. ती तशीच सांगत राहिली. ही वळलेली मान, हा विनोद, हा ब्रेक, हे सगळं मी कुठेतरी पाहिलं होतं, असं मला सारखं वाटत होतं. दहिसरला यू टर्न घेताना कळलं, की पाहिलं नव्हतं, केलं होतं.

मी तिला थांबवून विचारलं, खड्डा आला की सांगता येत नाही का.

"तू कधी सांगतोस?" ती म्हणाली. "तूच तर शिकवलंस, खड्डा दिसला की फूटरेस्टवर जरा उठायचं, कंबरेला लागत नाही."

चालवणाऱ्याच्या कंबरेला लागत नाही. शिकवताना हा शब्द माझ्याकडून राहून गेला होता.

परत आलो तेव्हा गेटात वॉचमन खुर्ची घेऊन तयारच उभा होता. मी स्वाभिमानाने ती नाकारली, पाय उचलला, तो अर्ध्यावर अडकला, आणि मग मी खुर्ची स्वीकारली.

बायकोने हे बाल्कनीतून पाहिलं असणार. माझी तयारी होती की आता निदान महिनाभर हा प्रयोग पाहुण्यांसमोर रंगणार. तिच्या जागी मी असतो तर तिकिटं लावली असती. ती खाली आली ती शिवणाची टेप घेऊन. मला कंबर चेपायला पाठवलं नाही की दोन शब्द ऐकवले नाहीत. म्हणाली, "ती स्प्रिंग नीट लावून घे. माप घ्यायला माणूस बसावा लागतो म्हणालास ना? मी बसते."

खरी रीत तीच असते, हे मी व्हिडिओंत डझनभर वेळा पाहिलं होतं. रिकामी गाडी मागून किती उंच आहे ते मोजायचं, मग नेहमीची माणसं आणि नेहमीचं सामान वर ठेवून पुन्हा मोजायचं. गाडी फार बसली तर रिंग आवळायची, फार थोडी बसली तर सैल करायची. म्हणजे दोघांनी हेल्मेटं घालून, बॅगा बांधून, कंपाउंडात उभ्या गाडीवर गंभीरपणे बसून राहायचं आणि तिसऱ्याने मोजायचं. मोजायला मुलगी बसली. वॉचमनने समोरून हँडल धरलं. रविवार असल्यामुळे तीन मजल्यांच्या बाल्कन्या भरल्या होत्या. सेक्रेटरी पेपर हातात घेऊन खाली आले आणि कुठे निघालात म्हणाले. कुठेच नाही, असं मी सांगितल्यावर ते तिथेच थांबले.

टेप धरून मुलीने सांगितलं, की दोघं बसूनही गाडी जेमतेम बोटभर खाली येतेय. मी गॅरेजवाल्याला फोन लावला. हात हँडलवर होते म्हणून फोन स्पीकरवर, मुलीच्या हातात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कंपाउंडभर घुमेल अशा आवाजात विचारलं, "काका, आता खरी वजनं सांगा. वहिनींचं किती?"

मी मुलीला डोळ्यांनी खुणावत होतो, स्पीकर बंद कर, बंद कर. बाल्कन्यांतली माणसं कठड्यावरून आणखी पुढे वाकली. माझ्या डोळ्यांसमोरून आमचं अख्खं सहजीवन सरकून गेलं. तेवढ्यात मागून, माझ्या खांद्यावरून, कांद्याचा भाव सांगावा अशा आवाजात बायको म्हणाली, "अडुसष्ट."

काहीही झालं नाही. कोणी हसलं नाही. सेक्रेटरींनी पेपरचं पान उलटलं. "मला विचारायचंस ना," ती मला म्हणाली. "शाळेत दर वर्षी तपासणी होते आमची."

"आणि काका, तुमचं?" फोन म्हणाला.

मी समोर पाहिलं. वॉचमनने सहानुभूतीने नजर खाली घातली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, ऐंशीच्या आसपास.

"अरे, ही टेप माझीच आहे," बायको म्हणाली. "दर दिवाळीला तुझ्या पँटा मीच सैल करते. खरं सांग."

"ब्याण्णव," मी म्हणालो. राजाच्या भूमिकेत मला कधी एवढ्या बारीक आवाजात संवाद म्हणावा लागला नव्हता.

बाल्कन्यांना यात मात्र खूप गंमत वाटली.

गॅरेजवाला म्हणाला, त्यात नवीन काही नाही, त्याने तेव्हाच नजरेने नव्वदच्या पुढे धरलं होतं आणि वहिनींचंही वाढवूनच धरलं होतं, कारण सगळी गिऱ्हाइकं वजन कमी सांगतात. त्याच्या हिशेबाने स्प्रिंग बरोबर लागली होती. मग एवढी ताठ कशी, हे त्यालाही कळेना. तुम्ही घरी काही फिरवलं नाहीत ना, असं त्याने विचारलं. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एक खोटं, त्याने ओळखून दुरुस्त केलेलं आणि मी पश्चात्तापाने पुन्हा दुरुस्त केलेलं, अशी ती स्प्रिंग होती. मी फिरवलेलं सगळं उलटं फिरवून झालं. पुन्हा बसलो, पुन्हा मोजलं. गाडी आमच्या दोघांखाली हळूच बसली, जुनी खुर्ची ओळखीच्या माणसाखाली बसते तशी. मुलीने शॉकअपवर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली: सामानासकट इथपर्यंत, याच्याखाली नाही.

बायको उतरली, या वेळी खुर्चीशिवाय. "आणि खड्डा आला की सांगायचं," ती म्हणाली. "मला तुझी पाठ दिसते, रस्ता दिसत नाही." एवढंच. येते असंही म्हणाली नाही, येत नाही असंही नाही. पण त्या वर्षी एस्टीच्या तिकिटाचा विषय घरात निघाला नाही.

माघात आम्ही पहाटे निघालो. मला एक भूमिका मिळाली होती आणि मी ती मनापासून वठवायला घेतली. वाशीच्या पुलापर्यंत मी वाऱ्याला पुरून उरेल अशा नाटकी आवाजात प्रत्येक खड्ड्याची स्वतंत्र घोषणा केली: आकार, खोली, स्वभाव, समोरून येतोय की डावीकडून दबा धरून बसलाय. पनवेलला तिने पाठीवर टपली मारली. एवढं नाटक नको, नुसतं खड्डा म्हण. मग मी नुसतं खड्डा असं ओरडू लागलो. पेणच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, जे आमच्या लग्नापासून चालू असावं, आणि तिथे माझ्या भूमिकेला उसंत नव्हती. खड्डा, खड्डा, ब्रेक, खड्डा. प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावरची पकड घट्ट व्हायची, मागे ती जराशी उठायची, आणि दणका आमच्या दोघांच्या खालून निघून जायचा.

माणगावला आम्ही चहा घेतला. तिथून आत वळलो, आणि हनुवटी खांद्यापाशी आली. तिने सांगितलं, की शाळेत तिला सुपरवायझर व्हा म्हणताहेत. दोन महिने झाले विचारून. तिला व्हायचं आहे, पण भीती वाटते, मुलांना शिकवणं सुटेल याची. हे तिने घरी सांगितलं नव्हतं. घरी मी बोलत होतो. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर ती स्वतःच दोन्ही बाजू मांडत होती, स्वतःच खोडत होती, आणि मी मधूनमधून खड्डा एवढंच म्हणत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेली दोन-तीन वर्षं माणगाव सोडलं की ती गप्प होत असे. मला वाटायचं पेंगते. ती दात आवळून बसलेली असायची.

म्हसळ्याच्या घाटात ती म्हणाली, "हो म्हणते मी." मी जोरात मान हलवली. दोन्ही हेल्मेटं आपटली.

जत्रा झाली. निघायच्या सकाळी तिचा भाऊ नेहमीप्रमाणे पोतं घेऊन आला. नारळ, सोललेली सुपारी, पोहे, आणि वर आणखी नारळ. त्या घरात बहिणीला रिकाम्या हाताने पाठवणं म्हणजे तिला पाठवलंच नाही असं मानतात, आणि सासरी निघालेल्या बाईने नारळ नाकारल्याचं त्या गावात कोणी ऐकलेलं नाही. मी पोतं कॅरिअरवर चढवलं, दोरी आवळली. आम्ही दोघांनी नुसतं बसून बघितलं. मी वाकून पाहिलं. नेलपॉलिशची लाल रेघ पार खाली गडप झाली होती.

 मेहुण्यासमोर मी काय बोलणार? रिंग आणखी आवळली तर भागेल का, तिसरी पिशवी माझ्या पुढ्यात घेतली तर किती फरक पडेल, असे हिशेब मी मनात करत होतो. बायकोही वाकली. तिने रेघ शोधली, पोत्याकडे पाहिलं, आणि उतरून दोरीची गाठ सोडायला लागली.

"दादा," ती म्हणाली, "नारळ एस्टीने पाठव. बोरिवलीला उतरवून घेऊ आम्ही."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. ओटीवरून तिची वहिनी बाहेर आली. शेजारच्या वाडीतले आजोबा कुंपणापाशी थांबले. बायकोने पोतं उतरवून ओटीवर ठेवलं, त्याला हात लावून नमस्कार केला, हेल्मेट चढवलं आणि माझ्या खांद्याला धरून मागच्या सीटवर बसली. मी पुन्हा खाली वाकून पाहिलं. लाल रेघ जागेवर होती.

"बघतोस काय," माझ्या कानापाशी आवाज आला. "चल. आणि पुढे नारळीच्या वळणावर माझ्या ओळखीचा खड्डा आहे, तुला दिसणार नाही. मी सांगते."